रायबंदरचा आर्चबिशप

दर सप्टेंबरात, पितृपंधरवड्याच्या आगेमागे, हिंजवडीतील आमच्या सोसायटीमधले एक केरळी कुटुंब घराला कुलूप लावून चार दिवस गोव्याला जाते. भर पावसात, समुद्र खवळलेला असताना गोव्याला जाणारी ही माणसे मला नेहमीच चमत्कारिक वाटत. एका वर्षी त्यांना रजा मिळाली नाही आणि नेमका मी कामानिमित्त पणजीला निघालो होतो. निघताना त्या गृहस्थांनी एक काम सांगितले. रायबंदरला आमचे चर्च आहे, तेथे एक समाधी आहे, आमच्या नावाने दोन मेणबत्त्या लावा. समाधी कोणाची, असे मी विचारले. आर्चबिशप मार ज्युलिअस यांची, असे उत्तर मिळाले. माझा चेहरा पाहून त्यांनी पुस्ती जोडली, की नाव सिरियन असले तरी माणूस गोव्याचाच, वेर्णे गावचा.

पणजीत मी ज्यांच्याकडे उतरलो होतो ते जुने कॅथलिक घराणे. रात्री जेवताना मी मार ज्युलिअसांचा विषय काढला. यजमानांना ते नाव परिचयाचे नव्हते. वेर्ण्याचे आल्वारिस म्हणताच मात्र त्यांच्या वृद्ध वडिलांनी ताटावरून मान वर केली. ते आर्चबिशप वगैरे नव्हते, पाद्री आल्वारिस होते, आणि आमच्या चर्चने त्यांना बाहेर काढले होते, असे त्यांनी सांगितले. थोडा वेळ थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी घरातली थोरली माणसे म्हणत, की पाद्री आल्वारिसांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा पणजीतला एकही भिकारी घरी राहिला नव्हता. भिकाऱ्याला घर कुठले, हे त्यांच्या लगेच लक्षात आले आणि ते स्वतःच हसले.

एका माणसाविषयी दोन घरांतून दोन निवाडे. एक म्हणते संत, दुसरे म्हणते तो बिशपच नव्हे. मेणबत्त्या लावायच्या आधीच मला या माणसाचे कुतूहल लागले, ते अजून संपलेले नाही.

आंतोनिओ फ्रान्सिस्को शाविएर आल्वारिस यांचा जन्म २९ एप्रिल १८३६ रोजी साष्टीतल्या वेर्णे गावी झाला. शिकून ते पाद्री झाले आणि गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कॅथलिकांच्या सेवेसाठी धाडले. इथपर्यंत सगळे सरळ आहे. अशा शेकडो गोवेकर पाद्र्यांनी मुंबईत, कानडी मुलखात आणि सिलोनात आयुष्ये घालवली. पुढचा गुंता समजायचा तर त्या काळच्या एका मोठ्या भांडणाची फोड करावी लागेल, आणि ती आपल्याकडच्या वतनाच्या भाषेत केलेली बरी.

पोर्तुगीज हिंदुस्थानात आले तेव्हा पोपने त्यांच्या राजाला एक प्रकारची सनदच दिली होती. पूर्वेकडे चर्चे बांधायची, पाद्र्यांना पोसायचे, आणि त्या बदल्यात बिशप कोण व्हावा हे राजाने सुचवायचे. या हक्काचे नाव पाद्रुआदो. गोव्याला १५३४ मध्ये बिशपचे पीठ मिळाले आणि १५५७ मध्ये ते आर्चबिशपचे झाले. पुढे पोर्तुगालचे बळ ओसरले, पण वतन कायम राहिले. दूरदेशी पाद्री पाठवायचे काम आपल्याच हातात असावे म्हणून रोमने १६२२ मध्ये स्वतःचे एक खाते उघडले, त्याला प्रोपागांडा म्हणत. झाले, एका गावात दोन जोशी! एकाकडे जुनी सनद आणि वहिवाट, दुसऱ्याकडे खुद्द मालकाची ताजी आज्ञा. आपल्याकडे जोशीपणाच्या अशा तंट्यांचे कागद दप्तरेच्या दप्तरे भरून आहेत. तेव्हा मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये.

मुंबईत तर हा तमाशा उघड्यावर चालला. बेट इंग्रजांकडे आल्यावर गोव्याचे पाद्री पोर्तुगीज राजाशी बांधलेले म्हणून इंग्रजांच्या डोळ्यांत खुपत. त्यांनी १७२० मध्ये त्यांना घालवून देऊन रोमने धाडलेल्या कार्मेलाइट साधूंना आणले. पुढे ओढाताण होत होत १७९४ मध्ये बेटाची चक्क वाटणी झाली. काही चर्चे गोव्याच्या आर्चबिशपांची, काही रोमच्या माणसाची. शेजारीपाजारी राहणारी, एकच प्रार्थना म्हणणारी कुटुंबे दोन वेगवेगळ्या धर्माधिकाऱ्यांची प्रजा होती. हा दुहेरी अंमल थेट १९२८ पर्यंत टिकला. मधल्या काळात, १८३८ मध्ये, पोपने गोव्याबाहेरच्या काही जुन्या पीठांवरचा पोर्तुगीज अंमल काढून घेतला, तेव्हा गोव्याच्या पाद्र्यांनी तो हुकूम मानायचे नाकारले. रोमने त्याला फुटीरपणा ठरवले. गोव्यात तो सनदेचा हक्क मानला गेला.

खुद्द पोपच्या गादीचेही असे झालेले आहे. १३७८ मध्ये एक पोप रोममध्ये आणि दुसरा फ्रान्समधल्या आविन्योंत बसला. १४०९ मध्ये पिसाच्या सभेने तंटा मिटवायला तिसरा निवडला, तर दोन्ही जुने हटेनात आणि पोप तीन झाले. १४१७ मध्ये कॉन्स्टन्सच्या सभेने सर्वांना बाजूला सारून एक नेमला. त्यातला आविन्योंचा वारस पेद्रो दे लुना तेव्हाही ऐकेना. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या पेनिस्कोला किल्ल्यात मूठभर माणसांसह तो मरेपर्यंत स्वतःला पोप म्हणवीत राहिला. खरा कोण, खोटा कोण, हे बहुधा नंतर ठरते. ते ठरेपर्यंतची पन्नास वर्षे माणसांना कोणाच्या तरी पायाशी वाकावे लागतेच.

गोव्याच्या बाबतीत या भांडणाला आणखी एक काटा होता आणि माझ्या मते खरे दुखणे तेच होते. आर्चबिशप पोर्तुगालहून जहाजाने यायचे. गोवेकराने पाद्री व्हावे, प्रवचन करावे, सिलोनच्या जंगलात हाडे झिजवावीत, पण गोव्याच्या त्या खुर्चीवर बसू नये. रायबंदरसमोर मांडवीच्या पलीकडे दिवाडी बेट आहे. तिथला मातेउश दे कास्त्रो हा सतराव्या शतकातला ब्राह्मण ख्रिस्ती पाद्री. गोव्यात दाद लागेना म्हणून त्याने रोम गाठले, आणि १६३७ मध्ये रोमने त्याला बिशप करून आदिलशाही मुलखासाठी पाठवले. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्याचे बिशपपद मानले नाही. तो डिचोलीला, पोर्तुगीज हद्दीबाहेर, ठाण मांडून राहिला. गोव्याच्या पीठावर गोमंतकीय आर्चबिशप बसायला १९७८ साल उजाडावे लागले. पीठाला बिशप मिळून चारशे चव्वेचाळीस वर्षे झाल्यावर!

आल्वारिस या साऱ्याच्या मध्यावर उभे होते. गंमत अशी, की त्यांनी सुरुवात पोर्तुगालच्या बाजूने केली. १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. गोव्याच्या आर्चबिशपांना पॅट्रिआर्क हा भारदस्त किताब मिळाला, आणि त्याच वेळी ब्रिटिश मुलखातली व सिलोनातली कितीतरी चर्चे गोव्याच्या हातून गेली. मुंबईतल्या गोवेकरांनी संस्था काढून अर्ज-विनंत्या केल्या. पोपकडे, पोर्तुगालकडे, इंग्रज सरकारकडे. डॉक्टर लिस्बोआ पिंटो आणि पाद्री आल्वारिस हे त्या चळवळीचे म्होरके. अर्जांचा उपयोग झाला नाही. ज्या राजाच्या हक्कासाठी ही माणसे भांडत होती त्याने स्वतःच तो हक्क सोडून दिला होता. वतनदाराने परस्पर वाटणीपत्रावर सही करावी आणि कुळांनी अजून त्याच्याच नावाने लढावे, तशी ही अवस्था.

सिलोनची जखम विशेष खोल होती. डच अमलात तेथे कॅथलिक धर्म बंद पडू नये म्हणून बाणावलीचे पाद्री जोसेफ व्हाझ १६८७ मध्ये वेषांतर करून बेटावर शिरले. त्यांच्यामागून गोवेकर पाद्री दीडशे वर्षे जात राहिले. (पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत व्हाझांना संत घोषित केले ते जानेवारी २०१५ मध्ये.) त्या बेटावरच्या लोकांना आता सांगण्यात आले, की तुमचे गोवेकर पाद्री परत जातील आणि युरोपातले येतील. काही मंडळी अडून बसली. त्यांना पाद्री हवे होते, आणि पाद्री तयार करायला बिशप हवा होता.

बिशप बिशपाकडूनच होतो. हाताच्या स्पर्शाने, एकाकडून दुसऱ्याकडे, थेट ख्रिस्ताच्या शिष्यांपासून चालत आलेली ही साखळी आहे असे ते मानतात. रोम हात ठेवणार नव्हते. मग कोण? आल्वारिसांनी दक्षिणेकडे पाहिले. केरळात सिरियन ख्रिस्ती होते, रोम आणि पोर्तुगीज या दोघांशीही फटकून वागलेले. १६५३ मध्ये मट्टानचेरीला क्रुसाला बांधलेल्या दोराला धरून त्यांनी पोर्तुगीज पाद्र्यांचा अंमल झुगारल्याची शपथ घेतली होती. त्यांचा संबंध अँटिऑकच्या पॅट्रिआर्कशी होता. ते पीठही प्राचीन आणि तेथली साखळीही अतूट. पॅट्रिआर्कची परवानगी आली. जुलै १८८९ मध्ये कोट्टयमच्या जुन्या सेमिनरीत मलंकर बिशपांनी आल्वारिसांच्या मस्तकावर हात ठेवले. नाव मिळाले मार ज्युलिअस आणि पद मिळाले सिलोन, गोवा व हिंदुस्थानचे आर्चबिशप. वय त्रेपन्न.

या पदाची गोम लक्षात घ्या. सिरियन गादीचा बिशप, पण त्याच्या माणसांना सिरियन पूजाविधी येत नव्हता. त्यांची प्रार्थना लॅटिन, पाठांतर लॅटिन, सण रोमचे. पॅट्रिआर्कने ते सगळे चालू ठेवायची मुभा दिली. म्हणजे देव तोच, पोथी तीच, आरती तीच, फक्त गुरुपरंपरा वेगळी. रोमने अर्थातच त्यांना बहिष्कृत केले. कानडी किनाऱ्यावर उडुपीजवळच्या ब्रह्मावरला कोकणी बोलणाऱ्या कॅथलिकांचा एक मोठा गट पाद्री नोरोन्हांच्या मागून याच वाटेने गेला. ब्रह्मावरचा तो समाज आजही ऑर्थोडॉक्स आहे. सिलोनात कोलंबोचे एक चर्च आल्वारिसांचे मुख्य पीठ झाले. डॉक्टर पिंटो तेथेच स्थायिक झाले आणि १८९३ मध्ये सिलोनातल्या पहिल्या कामगार संघटनेचे, छापखान्यातल्या कामगारांच्या संघाचे, अध्यक्ष बनले. ही माणसे नुसती धर्मवेडी नव्हती, हे यावरून दिसेल.

कोलंबोतच २९ मे १८९२ रोजी एक विलक्षण समारंभ झाला. जोसेफ रने व्हिलात नावाचा पॅरिसमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या बेल्जियन शेतकऱ्यांत काम करणारा पाद्री अर्धे जग ओलांडून तेथे आला होता. त्यालाही रोम नको होते आणि त्यालाही कोणी बिशप करीना. वेर्ण्याच्या या गोवेकराने, केरळच्या बिशपांना सोबत घेऊन, त्या गोऱ्या पाद्र्याला बिशप केले. त्या काळी युरोपातली माणसे येऊन गोवेकरांच्या डोक्यावर हात ठेवीत असत. येथे उलटे घडले. हात ठेवणाऱ्या केरळी बिशपांत परुमलचे मार ग्रेगोरिओस होते, ज्यांना त्यांच्या चर्चने १९४७ मध्ये संत म्हणून जाहीर केले.

व्हिलात पुढे फार भरकटला. त्याने अनेकांना बिशप केले, स्वतः वारंवार बाजू बदलल्या आणि अखेर फ्रान्समधल्या एका मठात रोमशी समेट करून १९२९ मध्ये वारला. पण १९२१ मध्ये शिकागोत त्याने जॉर्ज अलेक्झांडर मॅक्ग्वायर या काळ्या पाद्र्याला बिशप केले. मॅक्ग्वायर हे मार्कस गार्वीच्या चळवळीतले. गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळ्या माणसाला मान नाही म्हणून त्यांनी स्वतःचे आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च काढले. ते दक्षिण आफ्रिकेत आणि युगांडात पोहोचले. त्यांच्या बिशपांची साखळी मागे मागे नेली तर मधे एक कडी वेर्ण्याची लागते. हे स्वतः आल्वारिसांच्या कानावर कधी गेले असेल असे मला वाटत नाही. त्या वेळी ते पंच्याऐंशी वर्षांचे होते आणि पणजीत भीक मागत होते.

हो, भीक मागत होते. त्यांच्या आयुष्याचा हा भाग मला बिशपपदाच्या सगळ्या वादापेक्षा मोठा वाटतो.

पणजीत गरिबांच्या मदतीसाठी त्यांनी एक धर्मादाय संस्था काढली होती, ती थेट १८७१ मध्ये. म्हणजे बिशप होण्याच्या अठरा वर्षे आधी. पटकीवर उपचार कसे करावेत याची पुस्तिका त्यांनी छापली. गोव्यात धान्य पुरत नाही, तर गरिबांनी मांदिओक म्हणजे टॅपिओकाचे कंद लावावेत, म्हणून त्यावरही पुस्तिका काढली. धर्मपीठासाठी भांडणारा माणूस कंद कसे लावावेत ते लिहितो, हे वाचून मला त्यांचा पहिल्यांदा चेहरा दिसला. लेखणीचा त्यांना नाद होता. त्यांनी एकामागून एक पत्रे काढली. ‘आ क्रूझ’, ‘आ व्हेर्दादे’ आणि १८९४ मध्ये ‘ओ ब्रादो इंदियानु’. या शेवटच्या पत्रातून त्यांनी गोव्याच्या सरकारवर कडक टीका केली.

१८९५ साल गोव्यात धामधुमीचे. सप्टेंबरात मराठा शिपायांनी बंड केले, सत्तरीचे राणे उठले आणि लिस्बनहून राजपुत्र आफोन्सो फौज घेऊन निघाला. त्याच वर्षी आल्वारिसांवर हात पडला. त्यांना पकडण्यात आले, अंगावरची बिशपची वस्त्रे उतरवण्यात आली आणि तशाच अवस्थेत कोठडीत टाकण्यात आले. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. पण गोव्यात त्या वस्त्रांनिशी हिंडण्याची मुभा त्यांना पुन्हा मिळाली नाही. साठीला टेकलेला माणूस, रोमच्या लेखी बहिष्कृत, सरकारच्या लेखी उपद्रवी, आणि ज्या कळपाचा मेंढपाळ तो सगळा समुद्रापलीकडे किंवा घाटाखाली. दुसरा कोणी असता तर कोट्टयमला किंवा कोलंबोला निघून गेला असता. तेथे मान होता, वस्त्रे होती. ते पणजीतच राहिले. साधा काळा झगा घालून.

पुढची अठ्ठावीस वर्षे ते पणजीचे पाद्री आल्वारिस होते. निराधार, कुष्ठरोगी, क्षयरोगी अशांना ते आपल्या आश्रयाला ठेवीत. जवळ पैसा नव्हता, म्हणून भांडे घेऊन दुकानोदुकानी फिरत. त्यांची एक गोष्ट सांगितली जाते. एका दुकानदाराने संतापून त्यांच्या भांड्यात पचकन थुंकले. त्यांनी शांतपणे सांगितले, की हे माझ्यासाठी झाले, आता माझ्या गरिबांसाठी काही द्या. अशी गोष्ट दुसऱ्या काही साधूंच्या नावावरही आहे. आपल्याकडे एकनाथांवर थुंकणारा यवन सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे ती जशीच्या तशी घडली असेल असा आग्रह मी धरणार नाही. पण पणजीने ती गोष्ट चिकटवायला गावातले इतके पाद्री सोडून हाच बहिष्कृत पाद्री निवडला.

माझे यजमान या ठिकाणी एक आक्षेप घेतात, आणि तो वाजवी आहे. सेवाच करायची होती तर बिशपपदाचा हट्ट कशाला? पाद्री राहूनही हे सगळे करता आले असते. मी त्यावर पुष्कळ विचार केला. वस्त्रे गेल्यावर आल्वारिसांनी पदाचा डंका पिटला नाही, हे खरे. पण ते पद त्यांनी सोडलेही नाही. एक कागद लिहून दिला असता, चूक झाली एवढेच म्हटले असते, तर रोमने त्यांना परत घेतले असते. म्हातारपणी जेवणाची व औषधाची सोय लागली असती, आणि त्यांच्या आश्रितांचीही. त्यांनी तो कागद दिला नाही. यात अहंकार नव्हता असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण तो कागद देणे म्हणजे ब्रह्मावरच्या आणि कोलंबोच्या हजारो माणसांना, तुमची लग्ने, तुमची बारशी, तुमची अंत्यविधीची प्रार्थना सगळी फोल होती, असे सांगणे झाले असते. माणसे त्यांच्या शब्दावर बाहेर पडली होती. पेद्रो दे लुना किल्ल्यात बसून राहिला तो गादीसाठी. आल्वारिस दारोदार फिरत राहिले आणि तरीही माघार घेतली नाही. दोघांना एकाच तागडीत घालणे मला पटत नाही.

सप्टेंबर १९२३ मध्ये त्यांना हगवण लागली. रायबंदरच्या धर्मादाय इस्पितळात त्यांना ठेवले. पॅट्रिआर्कांकडून आणि बड्या धर्माधिकाऱ्यांकडून मन वळवण्याचे प्रयत्न शेवटपर्यंत चालू होते. ते वळले नाहीत. कॅथलिक पाद्र्याने आपले अंत्यविधी करू नयेत, ही त्यांची इच्छा. २३ सप्टेंबरला ते गेले. वय सत्त्याऐंशी.

मग एक अडचण उभी राहिली. गोव्यात त्यांच्या पंथाचा पाद्रीच नव्हता. चर्च दार उघडणार नव्हते. तेव्हा पणजीच्या नागरिकांनी सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नगरपालिकेच्या सभागृहात त्यांचे शव दर्शनासाठी ठेवण्यात आले. वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले, गव्हर्नर जनरलने आपला प्रतिनिधी पाठवला, आणि मिरवणूक पणजीच्या हमरस्त्यांवरून सांतिनेजच्या दफनभूमीकडे गेली. १८९५ मध्ये याच सरकारने त्यांची वस्त्रे उतरवली होती. मधे १९१० मध्ये पोर्तुगालचे राजेपद बुडाले होते, प्रजासत्ताकाने चर्च व सरकार वेगळे केले होते, त्यामुळे सरकारी माणसाला बहिष्कृत पाद्र्याच्या मागे चालायला आता संकोच नव्हता, हे तर आहेच. पण त्या मिरवणुकीतले भिकारी राज्यघटना वाचून आले नव्हते. दफनभूमीच्या एका कोपऱ्यात, कोणत्याही प्रार्थनेवाचून, त्यांना मूठमाती देण्यात आली.

चार वर्षांनी त्यांच्या चाहत्यांनी अस्थी काढून शिशाच्या पेटीत ठेवल्या आणि त्याच दफनभूमीत संगमरवरी शिळेखाली पुरल्या. वर मोठा क्रूस उभारला. पुढे चाळीस वर्षे केरळातल्या त्यांच्या चर्चला हा माणूस कुठे विसावला आहे याचा पत्ता नव्हता. १९६७ मध्ये शोध घेऊन ती जागा सापडली. नंतर अस्थी रायबंदरच्या सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नेल्या गेल्या आणि २००१ मध्ये तेथल्या नव्या समाधीत ठेवल्या.

मी गेलो तेव्हा पाऊस होता. चर्चमध्ये केरळातून आलेल्या दोन नर्स आणि एक म्हातारी गुडघे टेकून बसल्या होत्या. म्हातारी कोकणीत पुटपुटत होती. ती कोणत्या चर्चची हे विचारायचे मला धाडस झाले नाही. दोन मेणबत्त्या लावल्या, आणि यजमानांच्या वडिलांची आठवण झाली म्हणून एक तिसरीही लावली. परतल्यावर ते मी त्यांना सांगितले. त्यांनी होकार दिला नाही की नकार दिला नाही. मेणबत्ती पावसाने विझली तर नाही ना, एवढे मात्र विचारले.